रंगूबाईचा अंगठा

डोंबिवलीच्या मासळी बाजारात रंगूबाई मासे कापत बसलेली. खाडीत कारखान्याचं लाल पाणी सुटतानाचा, कारखान्याच्या आतून काढलेला व्हिडिओ तिने सकाळीच फेसबुकवर टाकलेला. दुपारी कारखान्याची दोन माणसं आली. “कंपनीतल्या कुणी दिला व्हिडिओ? नाव सांग.” “नाय सांगत.” “मग फोन उघड.” “माझा फोन, तुला कशाला उघडून देऊ?” एकाने पाटीजवळचा फोन उचलला, दुसऱ्याने तिचं मनगट धरून अंगठा त्यावर दाबला. फोन उघडेना. रुमालाने पुसून पुन्हा दाबला, तरी नाही. शेजारच्या कोळिणी खदखदून हसल्या. जन्मभर कोळंबी सोलून झिजलेला तो अंगठा रेशनच्या मशीनलाही ओळखू आला नव्हता. “मग लॉकचा नंबर सांग, म्हातारे!” हसणं थांबलं. बाजारातले सगळे कोयते थांबले. रंगूबाईने रक्ताने माखलेला आपला कोयता त्याच्यापुढे सरकवला. “नंबर डोक्यात हाय माझ्या,” ती म्हणाली. “घे, फोडून बघ.”