पायाची जागा

ब्राइडानं नव्याकोऱ्या स्की टेबलावर ठेवल्या आणि पेन्सिलीच्या रेघेवर बोट टेकवलं. "इथे. कंपनीच्या खुणेच्या तीन सेंटिमीटर मागे. मी मोजून आणलंय, काका. तुम्ही फक्त भोकं पाडा."

याखेनकाका चाळीस वर्षं फ्तान गावात लोकांच्या स्कींवर बूट अडकवायचं बाइंडिंग बसवत आले होते. त्यांनी रेघ पाहिली, ड्रिल उचललं आणि परत ठेवून दिलं.

"तीन कोणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात. बाइंडिंग मागे घेतलं की बूट मागे जातो, पुढचं टोक हलकं होतं. भुसभुशीत बर्फात घुसत नाही."

"बरोबर सांगतात. पण त्या सगळ्यांच्या मानेवर कुत्रं असतं का?"

ब्राइडानं दाराकडे पाहिलं. चिएरा दाराबाहेर बसली होती. हिमस्खलनात गाडलेली माणसं वासावरून हुडकणारी कुत्री, वजन सव्वीस किलो. उतारावर तिला खांद्यांवर घेऊनच यावं लागे, नाहीतर स्कीच्या धारेनं तिचे पाय कापले जायचे. गेल्या फेब्रुवारीत असंच उतरताना स्कीची टोकं बर्फात रुतली, दोघी कोलमडल्या, आणि चिएराचा पुढचा पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला. आता शनिवारी बचाव पथकाची परीक्षा होती. पथकप्रमुखांनी साफ सांगितलं होतं, पुन्हा पडलीस तर कुत्री दुसऱ्याकडे देऊ.

"हे टेबलावर ठरायचं नाही," काका म्हणाले. "वर जाऊ. आणि तिला मी उचलणार."

"तुम्ही? अहो काका, तुमचा गुडघा..."

"गुडघा माझाय. त्याचं मी बघतो."

दुकानात भाड्यानं द्यायच्या स्कींची एक जोडी होती, त्यांच्यावरचं बाइंडिंग रुळावर पुढेमागे सरकायचं. त्या घेऊन काका लिफ्टनं वर गेले, बरोबर ब्राइडा आणि चिएरा. मुद्दाम मंद उतार निवडला. चिएराला मानेभोवती घेतलं आणि निघाले.

आधी बाइंडिंग कंपनीच्या खुणेवर ठेवलं होतं. वीस मीटरही झाले नाहीत. टोकं रुतली आणि काका तोंडावर आपटले. चिएरा अलगद बाजूला उडी मारून परत आली आणि त्यांचा कान चाटू लागली.

"लागलं का?" ब्राइडा धावली.

"बोलू नकोस. विचार करतोय."

काकांनी बाइंडिंग तीन सेंटिमीटर मागे सरकवलं. या खेपेला टोकं वर राहिली, पण स्की वळेचनात. समोर पाइनचं झाड आलं तसे काका चिएरासकट चक्क खाली बसले.

"ही वळत नाही. शनिवारी झाडं सरकणार आहेत का तुझ्यासाठी?"

तिसऱ्या खेपेला ते उतरलेच नाहीत. कुत्री मानेवर घेऊन, डोळे मिटून नुसते उभे राहिले. बराच वेळ. ब्राइडाला वाटलं, दमले. तेवढ्यात ते म्हणाले, "इकडे ये. माझी मान बघ. हिला सांभाळायचं म्हणजे मान खाली वाकणार, अंग पुढे झुकणारच. त्यात बाइंडिंगमध्ये टाच उंच असते. म्हणजे आपण आधीपासूनच चवड्यांवर उभे. स्की बिचारी काय करणार?"

"मग पाय कुठे?"

"एक सेंटिमीटर मागे. बाकीचं काम चवड्याखाली. चवडा जरा वर उचलू, म्हणजे भार टाचेवर जाईल."

दुपारी दुकानात त्यांनी बुटाच्या पुढच्या बाजूला, बाइंडिंगखाली घालायला प्लास्टिकची एक पट्टी कापली. पुन्हा पुन्हा घासून पातळ केली. ब्राइडा बघत राहिली. तिनं तीन आठवडे वाचून, विचारून, मोजून ती रेघ मारली होती. एका स्कीला आठ भोकं पडणार होती, आणि एकदा पडली की त्यांच्या शेजारी दुसरी पाडता येत नाहीत.

"चुकलं तर?"

"तर वर उभी राहून माझ्या नावानं शिव्या दे. दरीभर ऐकू जातील."

ब्राइडानं अंगठा ओला केला आणि आपली रेघ पुसून टाकली.

शनिवारी रात्रभराचं ताजं बर्फ पडलेलं होतं, मांडीपर्यंत. खाली पथकप्रमुख कागद घेऊन उभे होते. त्यांच्या शेजारी याखेनकाका, गुडघ्याला पट्टा बांधून. वर ब्राइडानं चिएराला खांद्यांवर घेतलं आणि स्की उतारावर सोडल्या.

पहिल्या वळणाला तिनं अंग आवळून घेतलं, आता पडणार म्हणून. पडली नाही. कुत्रीचा भार खांद्यांवरून सरळ टाचांत उतरत होता. दुसरं वळण. तिसऱ्या वळणाला तिच्या लक्षात आलं की आपण टोकांकडे बघतच नाही आहोत. समोर पाइनची झाडं होती, त्यांच्यामधून वाट होती, आणि ती जिकडे बघत होती तिकडे स्की जात होत्या.

ती खाली येऊन थांबली. पथकप्रमुखांनी कागदावर खूण केली. "पास. दोघीही."

"कसं वाटलं?" काकांनी विचारलं.

ब्राइडानं चिएराला खाली उतरवलं. चढताना स्की मागे घसरू नयेत म्हणून लावायच्या पट्ट्या जॅकेटमधून काढल्या आणि भराभर स्कींच्या तळाला चिकटवल्या.

"अगं, सांगशील का कसं ते?"

ती केव्हाच चढायला लागली होती. पुढे चिएरा, बर्फात छातीपर्यंत बुडून उड्या मारत.

"ए, परीक्षा संपली!" पथकप्रमुख मागून ओरडले.

"म्हणूनच चाललीये ती," काकांचा आवाज आला.

ब्राइडा थांबली नाही.