हलकं जहाज

सही करायला पाऊण तास उरला होता. नागपूरजवळच्या सौंसरला, वडिलांच्या घरात, पुढच्या खोलीतल्या लोखंडी पलंगावर स्नेहा लॅपटॉप घेऊन बसली होती. पडद्यावर कोकणातल्या एका बंदराचा नकाशा होता. तिथल्या जुन्या कोळशाच्या धक्क्याला आता पर्यटकांची मोठाली जहाजं लागणार होती. जहाजाचे दोर ज्यांना अडकवायचे ते धक्क्यावरचे लोखंडी खुंटे किती ताण सोसतील, हे तपासायचं काम स्नेहाचं. अहवाल तर कंपनीने तयारच ठेवला होता. जुने खुंटे चालतील, असं त्यात लिहिलं होतं. खाली फक्त तिची सही हवी होती.

आता सौंसरची पोरगी समुद्राचं काय ठरवणार, असं कोणी म्हणेल. कंपनीत म्हणतच होते.

पण तिने तीनदा गणित केलं होतं आणि तिन्ही वेळा उत्तर एकच आलं होतं. कोळशाचं जहाज पाण्यात खोल बसतं. हे अठरा मजल्यांचं जहाज बहुतेक पाण्याच्या वरच. वजन कमी, पण वाऱ्यासमोर भिंतीसारखं उभं. जोराचा वारा सुटला तर खुंटे मुळासकट उखडतील. त्या वेळी शिडीवरून माणसं उतरत असतील, त्यात म्हातारेकोतारे असतील, कडेवर लेकरं असतील. मागच्या आठवड्यात तिने हे कंपनीतल्या वरिष्ठांना, विनायक सरांना, सांगून पाहिलं. ते हसले.

"सौंसरला समुद्र कधी आला, स्नेहा? त्या खुंट्यांना वीस वर्षं याच्या दुप्पट वजनाची जहाजं बांधतोय आपण. हे तर हलकं आहे."

मग हसणं थांबवून ते म्हणाले, नवे खुंटे म्हणजे नवा पाया, नवा पाया म्हणजे अख्खं वर्ष. काम हातचं जाईल. ते कोणामुळे गेलं, हे सगळ्यांना कळेल. त्या दिवसापासून स्नेहाला जेवण जात नव्हतं. नोकरी जाईल याची भीती वाटायची, आणि नोकरी टिकली तर काय होईल याची त्याहून जास्त.

अंगणात श्रावण, तिचे वडील, सायकलला संत्र्याची पेटी बांधत होते. एक दोर बांधून झाला, मग त्यावर दुसरा. त्यांचं हे असंच. गाय दोन दाव्यांनी बांधलेली. नागपूरच्या बसच्या टपावर पोरीची बॅग टाकायची तरी दोन गाठी. शेजारच्या वत्सलामावशी चिडवायच्या, "श्रावणभाऊ, तुम्ही एखांद्या दिवशी हवेलेही बांधून ठेवसान." श्रावण हसायचे नाहीत. मग मावशीही चिडवणं सोडायच्या, कारण स्नेहाच्या आईचं, प्रमिलाचं, काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

स्नेहा नऊ वर्षांची असताना पांढुर्ण्याला जिनिंग कारखान्याच्या फाटकासमोर कापसाची ट्रॉली उलटली होती. ट्रॅक्टर तिला तिथे सोडून दुसऱ्या फेरीला गेला होता आणि उंच भरलेली ट्रॉली रांगेत उभी होती. तिच्या सावलीत प्रमिला भाकर खात बसली होती. एकाएकी वावटळ उठली. अशी उभी ट्रॉली कडुलिंबाला दोर लावून बांधतात, तो दोरच तुटला, असं ट्रॉली सांभाळायला थांबलेल्या श्रावणनी सगळ्यांना सांगितलं. दोर जाड असता तर आई वाचली असती, एवढंच स्नेहाच्या डोक्यात बसलं. दोर कशाने तुटतो हे शिकायलाच ती इंजिनियर झाली.

श्रावण हात पुसत आत आले.

"काय झालं वो बाई? घाम काऊन आला तुले?"

तिने सगळं सांगितलं. ते उभ्यानेच ऐकत राहिले.

"किती उंच आहे म्हणते ते जहाज?"

"अठरा माळे."

"अन् वजनाले?"

"वजन कमीच आहे, बाबा. कोळशाच्या जहाजापेक्षा हलकं."

फोन थरथरला. विनायक सर. तिने उचलला, "हो सर, पाठवते," म्हणाली आणि ठेवून दिला.

"करून टाकते सही," ती म्हणाली. "मीच उगीच भिऊन राहिली. वीस वर्षं खुंटे टिकले, आताच काय होते? हलकंच तर आहे."

श्रावण मटकन खाली बसले. पलंगाच्या पायाला धरून जमिनीवरच. भिंतीवर बुद्धाच्या फोटोशेजारी प्रमिलाचा फोटो होता, तिकडे त्यांनी पाहिलं आणि लगेच नजर वळवली. सतरा वर्षं ते एकाच गोष्टीला घाबरत आले होते. पोरगी उद्या आपल्याला बाबा म्हणेल की नाही, याला.

"बाबा, बरं नाही वाटून राहिलं का? पाणी देऊ?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. हात वर करून लॅपटॉपचं झाकण हळूच लावलं आणि हात तसाच त्यावर ठेवला.

"सही नको करू."

"काऊन?"

"दोर तुटला नव्हता, स्नेहा," श्रावण म्हणाले. "दोर माह्या खांद्यावरच होता. कापूसच तर आहे, हलका, असं मनलं मी. बांधलाच नाही."