मिशीवरची पैज

“शब्द दिला की पाळायचा,” असं आईनं तात्यांना जन्मभर बजावलं होतं. तरी देश शेजाऱ्यांच्या व्यापारगटातून बाहेर पडला, त्या दिवशी तात्या मागचापुढचा विचार न करता चौकात गरजले, “वर्षभरात स्वस्ताई आली नाही, तर मिशी उतरवीन!”

वर्ष सरलं, भाव दुप्पट झाले. तात्या मान खाली घालून न्हाव्याकडे गेले.

“वस्तऱ्याची पाती सीमेपलीकडून यायची, ती नाक्यावर अडकलीत. वाचली तुमची मिशी, तात्या!” न्हावी म्हणाला.

“बघ, झाला की नाही फायदा?” घरी येऊन मिशीला पीळ देत तात्या बायकोला म्हणाले.

“शब्द दिलाय हो तुम्ही,” म्हणत तिनं हळूच शिवणाचा डबा उघडला.



तात्यांच्याच हट्टानं घेतलेली, अस्सल देशी आणि चांगलीच बोथट कात्री घेऊन ती शांतपणे मिशीकडे निघाली.