टाकीचं कुलूप

दहावी पास व्हायला जलसुरक्षेचा प्रकल्प करावाच लागतो, म्हणून तांड्यावरच्या शिलानं मातीचं छोटं घर केलं, पत्र्यावरचं पाणी नळीनं डब्याच्या टाकीत सोडलं आणि टाकीला कुलूप घातलं. वर्ग खदखदून हसला. सर मात्र वाकून बघत राहिले. “कुलूप काहून गं?” “आमच्या तांड्यात प्रत्येक ड्रमला असतंय, सर. न्हाई तर पाणी चोरीला जातंय.” सरांनी मान डोलावली. “शाब्बास! तुला अ श्रेणी. मॉडेल इथंच राहू दे, उद्या साहेब बघायला येऊन राहिले.” शिलाचा चेहरा उतरला. “सर, कुलूप तेवढं घेऊन जाऊ का?” “येडी हाय का? त्याचीच तर श्रेणी दिली. काढलंस तर श्रेणीबी गेली.” शिला बाकावर जाऊन बसली. आई पहाटेच हळद काढायला गेली होती आणि कालच टँकरनं भरलेला घरचा ड्रम बिनकुलपाचा उभा होता.