गल्लीचं नाक

शर्टातून धूर निघाला तेव्हा वहिनी आपल्या लाँड्रीतल्या टेबलाशीच उभ्या होत्या. इस्त्री शर्टाच्या पाठीवर टेकलेली राहिली होती आणि त्या पाठ फिरवून कपड्यांचे गठ्ठे बांधत होत्या. समोरच्या दुकानातून शिंपी धावत आला. त्याने इस्त्री उचलली, बटण बंद केलं. शर्टाला इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलं होतं.

"जळका वास माझ्या मशीनपर्यंत आला, वहिनी," शिंपी म्हणाला. "तुम्हाला नाही आला?"

वहिनींनी शर्ट नाकाशी धरला. मग साबणाची वडी धरली. मग मोरीतली फिनेलची बाटली उघडून तिच्यात जवळजवळ नाक बुडवलं. कशालाच कसला वास नव्हता.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर सर्दी म्हणून सोडून देता आलं असतं. पण वहिनी म्हणजे गल्लीचं नाक. कापड करपायच्या आधी त्यांना कळायचं. कुणाचं दूध नासलं, कुणाच्या भिंतीत ओल धरली, कुणाचा नवरा काय पिऊन आला, हे त्या दुकानाच्या दारातून सांगत आणि ते कधी चुकत नसे. त्यांचा स्वतःचा नवरा, ज्याला सगळे भाऊ म्हणत, तो तर या बाबतीत त्यांच्यापुढे तोंडच उघडायचा नाही. कुणाला भाड्याने घर घ्यायचं असलं की आधी वहिनींना त्यातून फिरवून आणत. त्यांनी नाक मुरडलं की व्यवहार मोडला.

मध्यंतरी वादळात गल्लीमागच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचं छप्पर उडालं, टाक्यांत हवा सोडणारी यंत्रं जळाली आणि साऱ्या शहराची घाण जणू गल्लीतच मुक्कामाला आली. लोकांनी खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबली. पाहुणे येईनासे झाले, त्याचं काही जणांना बरंच वाटलं. वहिनींकडे मात्र धुतलेल्या चादरी पुन्हा धुवायला येत आणि लोक त्यांच्याशीच भांडत. केंद्रावरची इंजिनीअर बाई सरळ होती. ती म्हणाली, आमच्या मीटरला एकाच वायूचा पत्ता लागतो, आणि इथे काम करून आमची नाकं तर केव्हाच मेली. तेव्हा तुमच्यापैकी एकाने रोज सांगत जा. एक कोण, यावर चर्चाही झाली नाही.

वहिनी रोज सकाळी गच्चीवर जाऊन फोन करू लागल्या. आज सडक्या अंड्याचा आहे. आज कुजक्या कोबीचा आहे, म्हणजे पलीकडच्या टाकीचा. त्यांच्या सांगण्यावरून मजूर झाकणं बसवत, सांधे भरत. मग नवी यंत्रं सुरू झाली. नेमक्या त्याच आठवड्यात वहिनी सणसणीत सर्दीने अंथरुणाला खिळल्या. उठल्या, गच्चीवर गेल्या, तर हवा कशी धुतल्यासारखी. त्यांनी आनंदाने फोन केला की वास गेला. गल्लीभर खिडक्या उघडल्या.

आज, शर्ट जळाला त्याच दिवशी, केंद्राच्या आवारात निरोपाचा चहा होता. दोन टाक्यांवर वायू गाळायची यंत्रं अजून बसायची होती, पण वासच उरला नाही म्हटल्यावर ती खोक्यांसकट ट्रकमधून परत जाणार होती. मजूरही दुसऱ्या गावच्या कामाला निघाले होते.

"खरं सांगा, बाहेर वास येतो का?" वहिनींनी शिंप्याला विचारलं.

शिंपी गळ्यातल्या टेपशी चाळा करत राहिला. तुमच्यापुढे आमचं नाक ते काय, असं काहीतरी पुटपुटून तो आपल्या दुकानात गेला.

वहिनी स्टुलावर बसल्या. त्यांना लाज वाटत होती आणि भीतीही. वास खरंच गेला असेल तर बोलून फुकटचं हसं होणार. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं, एक शर्ट भरून दिला की झालं. पण वास गेला नसेल तर? ट्रक एकदा गेला की तो परत केव्हा येईल, हे इंजिनीअर बाईलाही सांगता आलं नसतं. आणि माणसं त्यांच्या एका शब्दावर खिडक्या उघड्या टाकून, लेकराबाळांना घेऊन झोपत होती. त्यांनी दुकानाचं शटर ओढलं.

आवारात खुर्च्या भरल्या होत्या. ट्रकवर खोकी चढत होती. भाऊ मागच्या रांगेत चपलेकडे बघत बसले होते. इंजिनीअर बाईने वहिनींचे आभार मानले, टाळ्या झाल्या आणि दोन शब्द बोला म्हणून आग्रह झाला.

"माझं नाक गेलंय," वहिनी म्हणाल्या. "सर्दीत गेलं, मला आज कळलं. वास गेला असं मी सांगितलं ते धरू नका. आधी ट्रक थांबवा."

कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेतल्या शाळेच्या बाईंनी पर्समधून रुमाल काढला आणि नाकावर दाबला. मग शेजारच्यांनी काढला. मग रांगेमागून रांगेत रुमालच रुमाल निघाले.

शिंपी उभा राहिला. ओझं उतरल्यासारखा त्याचा चेहरा मोकळा झाला होता.

"वास आम्हाला रोज येतोय, वहिनी. पण तुम्ही नाही म्हणालात. वाटलं, आपलीच नाकं बिघडली. अर्धी गल्ली डॉक्टरला नाक दाखवून आली. भाऊंना तर मीच दोनदा नेलं."