अकरा तासांवरचं बिऱ्हाड

तिने शिवणयंत्राचे पाय सोडवले. ज्या खोलीत दहा वर्षे तिने पोराबाळांचे शाळेचे गणवेश शिवले, ती खोली आता पुठ्ठ्याच्या खोक्यांनी भरून गेली होती.

"परराज्य आहे, ताई," दोरी आवळत धाकटा भाऊ म्हणाला. "अकरा तासांचा रस्ता. तिथे तुला काळं कुत्रंसुद्धा ओळखत नाही."

"बरंच झालं. ओळख काढून चावणार नाही."

तो हसला नाही. "छोटी?"

"शाळेत. आज शेवटचा दिवस ना तिचा. मैत्रिणींच्या गळ्यात पडून रडत असेल."

कापड बेतायच्या फळीवर कोर्टाचा निकाल उघडाच पडला होता. तिला तो तोंडपाठ होता. मुलीला परराज्यात नेण्यास परवानगी. नवा पत्ता दुसऱ्या पालकास आगाऊ कळवावा. त्या पालकाने दर शनिवारी तिथे येऊन मुलीला भेटावे.

"दर शनिवारी एवढं अंतर कुणाच्या बापाला जमणार आहे?" भाऊ पुटपुटला.

"नाहीच जमणार. म्हणून तर हे बिऱ्हाड हलतंय."

"पत्ता तरी पक्का आहे ना?"

"वकिलामार्फत लेखी आहे सगळं. मजल्यासकट."

"आणि छोटीच्या बापाने आकाशपाताळ एक केलं तर?"

"करू दे. आजवर मान खाली घातली ती सुई ओवायला. त्याला वाटलं, त्याच्यापुढे घातली."

दुपारी टेम्पो निघाला. चालकाने सवयीने विचारले, "बाई, मागे काही राहिलं नाही ना?"

"राहिलं ते माझं नव्हतं," ती म्हणाली आणि काच खाली केली. वाऱ्याने केस विस्कटले. तिने ते सावरले नाहीत.

नवी खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकीतून शाळेचे मैदान दिसत होते. तिने यंत्र उजेडात मांडले, छोटा पलंग भिंतीशी लावला, त्यावर स्वतः शिवलेली पिवळी चादर ताणून अंथरली. भाऊ परतला, तेव्हाही तिच्या डोळ्यांत पाणी आले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात पावले वाजली. तिने सुई कापडात टोचून ठेवली आणि दार सताड उघडले. समोरच्या बिऱ्हाडाच्या कुलपात किल्ली फिरवता फिरवता छोटीचा बाप जागीच थिजला, आणि कोर्टाने त्याच्या ताब्यात दिलेली छोटी, त्याच्या हातातून हात सोडवून, "आई!" म्हणत तिच्या उंबरठ्याकडे धावली.