सुनेची कॉइल

रक्ताच्या पिशव्या जपणाऱ्या पेटीत एकच प्लेट असते. प्रवाह उलटवला की तापलेली तीच गार होते. प्रवाहातल्या चढउतारांचा झटका बसून ती तडकू नये म्हणून सुनेने सर्किटमध्ये ते चढउतार गाळणारी तांब्याची कॉइल बसवली. "पेटी जड झाली. काढ ती धोंड!" मुलगा गरजला. "काढणार नाही. रक्त नासेल," ती म्हणाली. माझ्याच कारखान्यात, माझ्यादेखत, त्याने तिचा तळहात चाचणीसाठी तापवलेल्या प्लेटवर दाबला. कातडी चरचरली. मी टेबलावरची सुटी कॉइल उचलून त्याच्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज कारागिरांनी ऐकला. "आई!" तो कळवळला. मी प्रवाह उलटवला. प्लेट न तडकता गार झाली. सुनेचा भाजलेला हात मी पुन्हा तिथेच टेकवला. मुलगाही मोडलेले मनगट पुढे करत सरकला. "थांब. प्लेट तिने वाचवली आहे," मी बजावले. "गारवा तिच्याकडे माग. हात जोडून."